पिटुकली इथे राहत नाही

४ फेब्रुवारी

आज गंमतच झाली. कामावरून घरी आले तर दाराशी खाकी कागदात गुंडाळलेलं पार्सल. वर छापील अक्षरात ‘पिटुकलीसाठी’. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत फिकट पिवळा फ्रॉक, घरी शिवलेला, गळ्याशी बारीक टाके. माऊला घातला तर असा बसला की बघत राहावं. मी दुकानात तिला घालून बघून आणलेले कपडेही इतके बसत नाहीत.

माझी लेक घरात माऊ, पेजवर पिटुकली. ती रांगायला लागली तेव्हा पेज सुरू केलं ते माझ्या ताईसाठी. ती परदेशी, भाचीला बघायला जीव टाकायची. मग ताईच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या मैत्रिणी आल्या, आणि आता पिटुकलीला चाळीस हजार मावश्या आहेत. नव्याने या शहरात आलो तेव्हा मला शेजारीणसुद्धा ओळखत नव्हती. दिवसभर मी, बाळ आणि चार भिंती. त्या मावश्यांनी मला तगवलं. कुणी नाकं मुरडोत.

नवरा फ्रॉक उलटसुलट करून बघत म्हणाला, “तू पत्ता दिलास कुणाला?”

“मी कशाला देईन?”

“मग हे घरापर्यंत आलं कसं?”

“अरे, ओळखीचंच असेल कुणीतरी. सरप्राइज म्हणून पाठवलं असेल.”

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोर तुटला तर काय, दार अडकलं तर काय, याचाच दिवसभर विचार. घरी आला तरी डोक्यातली लिफ्ट चालूच. मी माऊला गॅलरीत उभं केलं आणि फोटो टाकले. ‘कोण बरं ही गोड मावशी? हात वर करा!’ कितीतरी जणींनी थट्टेने हात वर केले.

दोन-चार फोटोंनंतर माऊची कुरकुर सुरू. फ्रॉक टोचतो म्हणे. इतकं मऊ सुती कापड, टोचेल कसं?

९ फेब्रुवारी

माऊ शाळेतून आली ती एवढंसं तोंड करून. जवळ घेतलं तर कुशीतून मान वर करून विचारते, “आई, हे खरं की फोटोतलं?”

सात वर्षांची पोर, काय एकेक सुचतं! हसून पुरेवाट. फोन नेमका स्वयंपाकघरात राहिलेला. आणला आणि म्हटलं, पुन्हा एकदा म्हण ना. नाही म्हणजे नाही. उठून गेलीच. हट्टीपणा बापाकडून उचललाय.

१७ फेब्रुवारी

आज बूट आले. तसाच खाकी कागद, तीच छापील अक्षरं. माऊच्या पायाला अगदी बरोबर.

संध्याकाळी पेजवर मेसेज. फोटोच्या जागी पिवळं फूल. ‘फ्रॉक एकदाच घातला. आवडला नाही का? बूट तरी घाला.’

मी विचारलं, ‘आपण कोण?’

‘तिला रोज बघणारा.’

रोज बघणारा. बघणारी नव्हे. मी फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. खाली आणखी एक ओळ आली होती. ‘तुम्हीच दाखवता ना.’

फ्रॉक आणि बूट पिशवीत भरून जिन्याखालच्या कचरापेटीत टाकून आले. येताना वाटलं, कुणी बघत असेल का? जिन्यात चिटपाखरू नव्हतं. तरी दोन-दोन पायऱ्या चढत धावले. दाराला कडी लावली, वरची साखळीही लावली. माऊ म्हणाली, “बाबा यायचाय ना अजून?” मी साखळी काढली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

१९ फेब्रुवारी

त्याला काल ब्लॉक केलं. आज दुसऱ्या नावाने तेच फूल. ‘आज पिटुकली व्हॅनमध्ये मागे एकटीच बसली होती. डोळे पुसत होती. काय झालं तिला?’

दुकानात होते. आमचं चष्म्याचं दुकान. पुढे मालक फ्रेमा विकतात, मागच्या खोलीत मी मशीनवर काचा घासून फ्रेमच्या खोबणीत बसवते. मेसेज वाचला आणि हातातली काच कडकन तडकली. जाड नंबरची, खास मागवलेली. मालकांनी माझ्याकडे बघून पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी माऊला विचारलं, “आज व्हॅनमध्ये रडलीस?”

“थोडीशी.”

“का?”

“एक मुलगा म्हणाला, तुझा आंघोळीचा व्हिडिओ माझ्या आईने बघितला.” मग तिनेच विचारलं, “तुला कुणी सांगितलं?”

काय सांगू? विषय बदलला. तो व्हिडिओ केवढा जुना, ती बादलीत बसलेली, नुसता फेसच फेस. लोकांना कशाचंही काहीही दिसतं.

नवरा म्हणाला, “पेज बंद कर. आत्ताच्या आत्ता.”

“बंद केलं तर तो सापडेल कसा? मेसेज त्यावरच येतात ना?”

“तुला तो सापडायला हवाय की पेज राहायला हवंय?”

त्याला नाही कळायचं. सगळ्यांना दार लावून घ्या म्हणणं सोपं असतं, ज्याच्याकडे कुणी येतच नाही त्याला.

शेवटी एवढं ठरलं की घरातला एक गुप्त शब्द असावा. माऊला कुणी न्यायला आलं आणि तो शब्द म्हणाला नाही, तर तिने जायचं नाही. शब्द नवऱ्याने काढला, ‘ढुमढुमी’. माऊ लहान असताना पाणी तापवायच्या गिझरला ढुमढुमी म्हणायची. जगात दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

व्हॅनमध्ये ती रडली हे मला माहीत नव्हतं, नवऱ्याला माहीत नव्हतं. मग माहीत कुणाला? व्हॅनमध्ये मोठं माणूस एकच असतं.

२० फेब्रुवारी

सकाळी व्हॅन आली तशी खाली गेले. व्हॅनकाका साठीचे, टक्कल, अंगात सदा तोच करडा स्वेटर. तोंडाने फटकळ, पोरांवर खेकसतात. पुढच्या सीटवर त्यांची नात, ती माऊच्याच वर्गात.

“काका, माझ्या मुलीला फ्रॉक तुम्ही पाठवलात?”

“कसला फ्रॉक? ओ बाई, उशीर होतोय, पोरीला बसवा.”

“ती रडली ते तुम्हीच लिहिलंत मला.”

“मला मेसेज लिहिता येतो का ते या नातीला विचारा. गाडी चालवू की पोरांचे डोळे पुसत बसू?”

डोळे पुसत! तोच शब्द. मी माऊला मागे ओढलं, फोन काढला आणि काकांचा फोटो घेतला, नंबरप्लेटसकट. ते खाली उतरून ओरडायला लागले, तोही फोटो घेतला. मूठ आवळलेली, तोंड वेडंवाकडं. बघून कुणालाही पटावं.

पेजवर टाकला. ‘पालकांनो, या माणसापासून सावध राहा.’ टाकल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

२२ फेब्रुवारी

काकांना शाळेने बंद केलं. पोस्ट कुठच्या कुठे पोचली, मला मोजताही येत नाही. अनोळखी बायका लिहितात, ‘तुम्ही वाघीण आहात.’ फुलाचा एकही मेसेज नाही. म्हणजे तोच होता!

नवऱ्याने फोटो बघितला, बोटांनी मोठा केला. म्हणाला, “यात त्यांची नात पण आलीय.”

खरंच, काचेतून दिसते. घाबरलेली. पण मुद्दा तो नाही ना.

आता माऊला सोडायला नवरा जातो, आणायला मी. दुकान ते शाळा, धापा टाकत. माऊ विचारते, “काका कधी येणार?” मी म्हटलं, “ते वाईट आहेत.” तर म्हणते, “ओरडतात. वाईट नाहीत.” पोरांना काय कळतं.

२५ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

निघताना एक गिऱ्हाईक आलं, काच सैल झाली म्हणून. मालक म्हणाले, एवढं करून जा. शाळेत पोचले तेव्हा व्हॅना, रिक्षा सगळ्या गेलेल्या. फाटकाशी माऊ नव्हती. फाटक, भिंत, झाडाखालचा बाक, सगळं रिकामं. मी हाक मारली ती माझ्याच कानांना अनोळखी वाटली.

मग शिपाईमामांच्या खोलीतून ती बाहेर आली. मामांनी तिचा दंड घट्ट धरला होता. म्हणाले, “बाई, एक माणूस आला होता. साधासा, पॅन्ट-शर्ट, चष्मा. हिच्यापुढे उकिडवा बसून बोलत होता. मी हटकलं तर उठून चालायला लागला. पळाला नाही हो. चालत गेला.”

माऊला गच्च धरून रस्त्याच्या कडेलाच खाली बसले. “काय म्हणाला तो?”

“म्हणाला, पिटुकली, आईला दुकानात उशीर होतोय, तिने मला पाठवलंय. मग म्हणाला, ढुमढुमी.”

ढुमढुमी.

“मग तू गेली का नाहीस, बाळा? शब्द तर बरोबर होता.”

माऊने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच लहान.

“तो पिटुकलीला न्यायला आला होता. मी सांगितलं, ती इथे नाहीये. ती फोनमध्ये असते.”

२६ फेब्रुवारी

दुकानात गेलेच नाही. नवरा आणि मी पोलिसांच्या सायबर शाखेत गेलो. टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी बाई, केस मागे घट्ट बांधलेले. मी म्हटलं, “व्हॅनवाल्याने त्या माणसाला माहिती दिली असणार. चौकशी करा त्याची.”

मॅडमनी माझं पेज त्यांच्या संगणकावर उघडलं. “बसा. आपण दोघी मिळून तुमच्या घरी जाऊ.”

मला कळलं नाही. त्या बोटाने फोटो सरकवत गेल्या. वाढदिवसाचा व्हिडिओ, मागे आमच्या इमारतीचं फाटक, वर नाव. शाळेचा पहिला दिवस, दाराशी माऊ, डोक्यावर घराचा नंबर. त्याच दिवशी व्हॅनमध्ये चढताना, नंबरप्लेट. बुटांचा तळ, माप कोरलेलं. नवीन फ्रॉक आणला तो दिवस, गळ्यामागची पट्टी बाहेर आलेली, त्यावरही माप. नवऱ्याच्या रात्रपाळीचा तक्ता, मी ‘आज आम्ही दोघीच!’ म्हणून टाकलेला.

“आलो घरी,” मॅडम म्हणाल्या. “आता सांगा, व्हॅनवाल्याची गरज कुठे पडली?”

“पण ती रडली ते? ते कुठे आहे फोटोत?”

“व्हॅनला काचा असतात. तो सिग्नलवर शेजारी उभा असेल.”

“आणि ढुमढुमी? तो शब्द घराबाहेर गेलाच नाही.”

माझा नवरा उठून खिडकीशी गेला. तिकडे तोंड करूनच म्हणाला, “गेलाय. तिचे बोबडे शब्द, एकेक करून टाकलेस तू. ती तीन वर्षांची होती. मलाही आठवलं नाही.”

“खुणेचा शब्द ठरलाय हे त्याला माहीत नसेल, जवळचा वाटावा म्हणून म्हणाला असेल,” म्हणत मॅडमनी तो व्हिडिओ शोधला. पडद्यावर माझी इवलीशी माऊ, ओले केस, गिझरकडे बोट दाखवून खुदुखुदु हसते, “ढुमढुमी!” आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज, “पुन्हा एकदा म्हण. मावश्यांना सांग.”

मॅडमनी आवाज बंद केला तरी मला तो ऐकू येत होता.

३ मार्च

सापडला. शाळेच्या कॅमेऱ्यात चेहरा आला आणि कुरिअरच्या नोंदीतून पार्सल कुठून निघालं तेही कळलं. पडदे शिवायच्या दुकानात काम करतो. आमच्यापासून दोन बसथांबे पलीकडे, एकटाच. शेजाऱ्यांशी हसून बोलणारा. त्याच्याकडे माऊचे सगळे फोटो निघाले, वयाप्रमाणे लावलेले. माझ्याकडेसुद्धा इतके नीट लावलेले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, फोटो त्याच्याकडेच थांबलेले नाहीत. तो ते आणखी माणसांना पाठवायचा. काहींनी त्यात बदल केलेत.

“कसले बदल? मला बघायचंय.”

“नको,” त्या म्हणाल्या. “आई म्हणून तुम्हाला हक्क आहे. पण मी सांगते, नको.”

त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मी संगणकाकडे पाठ केली. नवऱ्याने मला धरलं.

त्याला जामीन मिळेल असं म्हणतात. आमच्या आसपास फिरकायचं नाही अशी ताकीद देतील. ताकीद! बसमध्ये शेजारी उभा राहिला तरी मला कळणार नाही. मी त्याला बघितलेलंच नाही. त्याने आम्हाला वर्षानुवर्षं बघितलंय.

५ मार्च

पेज बंद केलं. आधी काकांची पोस्ट काढली आणि त्या जागी लिहिलं, ‘ते निर्दोष आहेत, चूक माझी.’ फार थोड्यांनी वाचलं. ती पहिली पोस्ट मात्र लोकांनी उचलून आपापल्या भिंतींवर लावलीय, ती अजून फिरतेच आहे. मी त्यांना एकेक करून लिहीत बसले, काढा म्हणून. एकीने उत्तर दिलं, ‘सावध राहिलेलं काय वाईट?’ बाकीच्यांनी तेही नाही. मग पेज पुसून टाकलं.

माऊला सांगितलं, “आता पिटुकलीचं पेज नाही.”

“मेली का ती?”

“नाही गं. असं नाही म्हणायचं. ती... गेली.”

“परत येणार?”

“नाही.”

तिने थोडा विचार केला. मग ताटातलं सगळं संपवलं आणि आणखी मागितलं. किती दिवसांनी. मला वाटत होतं, त्या माणसाच्या भीतीने तिची भूक गेलीय.

रस्त्याने चालताना मी आता प्रत्येक चष्मेवाल्याकडे बघते. माझ्या धंद्यात चष्मेवाल्यांना तोटा नाही. आज मालक बाहेर होते म्हणून एका गिऱ्हाइकाच्या बुबुळांमधलं अंतर मोजायला मी डोळ्यांपुढे पट्टी धरली, आणि त्या माणसाने सहज विचारलं, “मुलं किती तुम्हाला?” पट्टी हातातून पडली.

१० मार्च

काकांच्या घरी गेले. जाताना पाय मागे येत होते. तळमजल्यावरची खोली, बाहेर व्हॅन, तिच्यावर ताडपत्री. ताडपत्री सरकली होती तिथे काचेवर कुणीतरी काहीतरी खरवडलेलं, ते पुसायचा प्रयत्न केलेला.

काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत गेल्या. काका बाहेर आले. तोच स्वेटर.

“काका, मी माफी मागायला आलेय.”

“झाली मागून?”

मी उंबऱ्याबाहेरच उभी.

“नात शाळेत जात नाही माझी,” ते म्हणाले. “पोरं विचारतात, तुझ्या आजोबांनी काय केलं. तिचा फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, तुम्हाला माहितीय? मला नाही माहीत.” मग आवाज चढला. “चार लोकांत बोललात ना? मग माफी अशी दाराआड का?”

“लिहिलं मी. कुणी वाचत नाही.”

“वाचायचं सोडा. मी ज्यांची पोरं नेत होतो, त्यांच्या दारात चला. तुमच्या तोंडाने सांगा. व्हॅन मी काढतो.”

मी म्हटलं, “घाबरायला होतं मला.”

“मला होत नाही?” ते म्हणाले.

११ मार्च

माऊ यायचंच म्हणाली, नात येणार होती म्हणून. दोघी मागच्या सीटवर, कुजबुज आणि खिदळणं. काका पुढे. प्रत्येक दाराशी व्हॅन थांबवायचे आणि इंजिन बंद करायचे.

पहिल्या दारात माझी बोबडीच वळली. तिथल्या आजींनी आधी ऐकून घेतलं आणि मग काकांना चहाला वर बोलावलं. ते गेले नाहीत. एका घरी दार माझ्या तोंडावर आपटलं. एक बाई म्हणाल्या, “आग असल्याशिवाय धूर थोडाच येतो?” मी म्हटलं, “धूर मीच केला होता.” दुसऱ्या एका घरची आई ऐकता ऐकता आत गेली, फोन घेऊन आली आणि माझ्यासमोर आपल्या मुलाचे फोटो पुसायला लागली. माझ्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटत असल्यासारखी.

शेवटी एका मुलाचे बाबा खाली रस्त्यावरच भेटले. मी बोलायला लागले तसा त्यांनी फोन वर केला.

“थांबा, पहिल्यापासून सांगा. मी टाकतो. बघा कसं फिरेल ते.”

मी काकांकडे बघितलं. काका समोर बघत होते, हात स्टिअरिंगवर. हा व्हिडिओ खरंच फिरला असता. माझ्या लिहिण्यापेक्षा कितीतरी लांब गेला असता.

“माझा घ्या,” मी म्हटलं. माझं नाव सांगितलं, दुकान सांगितलं. या माणसाने काहीही केलेलं नाही, मी खोटं पसरवलं, हे फोनकडे बघून सांगितलं.

“छान, छान,” ते म्हणाले. “आता जरा बाजूला व्हा. आत मुली आहेत ना? त्याही येऊ देत. मुली दिसल्या की लोक बघतात.”

मागचं खिदळणं एकदम थांबलं. वळून बघितलं तर दोघी सीटखाली गेल्या होत्या, डोक्यावर हात घेऊन. माझी माऊ हे किती सराईतपणे करते! हे ती केव्हा शिकली?

फोन व्हॅनकडे वळत होता. मी दोन पावलं मागे सरकले आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिले, हात पसरून.

“अहो, हला ना. तुमचंच काम आहे.”

“मला विचारा काय विचारायचंय ते,” मी म्हटलं.

मागून काचेवर, माझ्या पाठीशी, लहानशा बोटाची हळूच टकटक झाली. मी हलले नाही.